ट्रान्झिस्टरला ऊन लागतं तेव्हा

ओळखीतल्या एका नववीतल्या मुलीने जानेवारीत शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी एका ट्रान्झिस्टरचा छोटा माइक ॲम्प्लिफायर बनवला. सुटे भाग नागपुरातल्या बर्डीवरून आणले, नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी लावली आणि प्रदर्शनाचे दोन्ही दिवस तो झकास चालला. मग तो गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत जाऊन पडला. मे महिन्यात मामेभावाला दाखवायला म्हणून तिने तो तिथेच पुन्हा जोडला, तर आवाज चिरका आणि तुटका. नवी बॅटरी घातली, तारा पुन्हा डाखल्या, फरक नाही. शेवटी डबी माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "काका, याला ऊन लागलं का जी?"

मी हसलो खरा, पण निदान बरोबर होतं. तिचा दुसरा प्रश्न त्याहून अवघड होता. "आकृतीत १.८ मेगओहमचा रेझिस्टर दिला होता, म्हणून तोच लावला. पण हा आकडा ठरवला कोणी, आणि कसा?"

इलेक्ट्रॉनिक्सचा छंद लागलेल्या प्रत्येकाला हा प्रश्न कधी ना कधी पडतो. आकृत्या सगळीकडे मिळतात, त्यातले आकडे कुठून आले ते क्वचित कोणी सांगतं. या प्रकरणात ते आकडे आपण स्वतः काढू. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार यांपलीकडे काही लागणार नाही. आणि आकडे सापडले की ऊन का लागलं, तेही आपोआप कळेल.

१. छोटा नळ, मोठा नळ

आपल्याकडे आजोबांच्या पिढीत अख्ख्या रेडिओलाच 'ट्रान्झिस्टर' म्हणत. भागाचं नाव पेटीला पडलं. तो भाग बार्डीन आणि ब्रॅटन यांनी अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत डिसेंबर १९४७ मध्ये पहिल्यांदा चालवून दाखवला, आणि ३० जून १९४८ रोजी तो जगापुढे जाहीर झाला. त्यानंतर अवघ्या सोळा दिवसांनी, १६ जुलै १९४८ला, आकाशवाणीचं नागपूर केंद्र सुरू झालं. तेव्हाचे रेडिओ अर्थातच काचेच्या व्हॉल्व्हचे होते. त्या केंद्राचा आवाज खिशातल्या पेटीत ऐकू यायला आणखी काही वर्षं जावी लागली.

ट्रान्झिस्टरला तीन पाय असतात: बेस, कलेक्टर आणि एमिटर. बेसमधून अगदी थोडा प्रवाह आत सोडला की कलेक्टरमधून त्याच्या कित्येक पट प्रवाह वाहू लागतो आणि दोन्ही मिळून एमिटरमधून बाहेर पडतात. छोट्या नळाची तोटी फिरवावी आणि तिने मोठ्या नळाची तोटी फिरावी, असा हा प्रकार. किती पट, त्या आकड्याला 'बीटा' म्हणतात. बीटा २०० असेल तर बेसमध्ये ५ मायक्रोॲम्पियर सोडल्यावर कलेक्टरमध्ये १००० मायक्रोॲम्पियर, म्हणजेच १ मिलिॲम्पियर येतो.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायची. सिलिकॉनचा ट्रान्झिस्टर जागा व्हायला बेस हा एमिटरपेक्षा सुमारे ०.६५ व्होल्टने वर असावा लागतो. त्याहून बराच खाली असेल, तर छोटा नळ बंद आणि मोठाही बंद.

आता एकच पाढा पाठ करू: १ किलोओहममधून १ मिलिॲम्पियर गेला की त्याच्या दोन टोकांत १ व्होल्टचा फरक पडतो. १ × १ = १. ३.९ किलोओहममधून १ मिलिॲम्पियर गेला तर ३.९ व्होल्ट. पुढचा सगळा हिशेब या पाढ्यावर चालतो. कलेक्टर आणि बॅटरी यांच्यामध्ये रेझिस्टर टाकायचा तो याचसाठी. प्रवाह कमी-जास्त झाला की त्याच्यावरचा व्होल्टेज कमी-जास्त होतो, आणि तोच आपला मोठा झालेला आवाज.

२. आधी उभं कुठे राहायचं ते ठरवा

माइकमधून येणारा संकेत जेमतेम काही मिलिव्होल्टचा, आणि तो शून्याच्या वर-खाली हलणारा. बेसला जागं व्हायला लागतात ६५० मिलिव्होल्ट. म्हणजे माइक नुसता बेसला जोडला तर ट्रान्झिस्टर घोरतच राहणार. म्हणून संकेत येण्याआधीच बेसला थोडा कायमचा व्होल्टेज देऊन ठेवायचा. सिग्नलला गाडी न्यूट्रलमध्ये सुरू ठेवतो, तसं. या आगाऊ दिलेल्या व्होल्टेजला आणि त्यामुळे वाहणाऱ्या प्रवाहाला 'बायस' म्हणतात.

पण गाडी नुसती सुरू असून भागत नाही. ती उभी कुठे आहे, तेही महत्त्वाचं. कलेक्टरचा व्होल्टेज वर जाऊन जाऊन बॅटरीइतका, म्हणजे ९ व्होल्ट होऊ शकतो. खाली येऊन येऊन तो एमिटरच्या थोडा वर, साधारण ०.२ व्होल्ट वर, येऊन अडतो. ही झाली छत आणि जमीन. लाट या दोहोंच्या मध्ये मावली पाहिजे.

अंबाझरी तलाव डोळ्यांपुढे आणा. भर पावसात पाणी सांडव्याला टेकलेलं असताना लाट उठली तर तिचा वरचा भाग सांडव्यावरून निघून जातो. उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं असेल तर लाटेचा खालचा भाग चिखलात बसतो. पाणी मध्यावर असेल तेव्हाच लाट दोन्हीकडे पूर्ण हलते. ॲम्प्लिफायरमध्ये लाटेचा माथा किंवा पायथा असा छाटला गेला की कानाला तो चिरका, तुटका ऐकू येतो. त्या मुलीच्या डबीत हेच झालं होतं. संकेत तोच होता, पाण्याची पातळी हलली होती.

३. एका रेझिस्टरचा सोपा रस्ता

तिच्या आकृतीतला मार्ग सर्वांत स्वस्त होता. बॅटरीपासून बेसपर्यंत एक मोठा रेझिस्टर, बॅटरीपासून कलेक्टरपर्यंत दुसरा, आणि एमिटर थेट ऋण टोकाला. आकडे होते १.८ मेगओहम आणि ४.७ किलोओहम.

आकृती काढणाऱ्याने काय विचार केला असेल ते पाहू. बॅटरी ९ व्होल्ट, त्यातले ०.६५ बेसचे, उरले ८.३५. त्यांना १.८ मेगओहमने भागलं की बेसचा प्रवाह ४.६४ मायक्रोॲम्पियर येतो. बीटा २०० धरला तर कलेक्टरचा प्रवाह ०.९३ मिलिॲम्पियर. ४.७ किलोओहमवर ४.४ व्होल्ट पडले, कलेक्टरवर उरले ४.६. नऊच्या जवळजवळ मध्यावर. हिशेब चोख आहे.

चोख, पण एका अटीवर. बीटा २००च असला पाहिजे. सगळी इमारत त्या एका खांबावर उभी आहे. आता तो खांब किती पक्का आहे ते तपासू.

४. एकाच टोपलीतली संत्री

कळमन्याच्या बाजारात संत्र्याचा ढीग पाहिला असेल. झाड एक, बहार एक, तरी एक फळ मुठीएवढं तर दुसरं लिंबाहून जरा मोठं. व्यापारी त्यांची आकारानुसार प्रतवारी करतात, आणि एका प्रतीतली फळंही तंतोतंत सारखी नसतात.

ट्रान्झिस्टरचं अगदी तसंच आहे. आपल्याकडे सर्वाधिक खपणारा बीसी५४७ घ्या. त्याच्या माहितीपत्रकात बीटा ११० ते ८०० असा दिलेला असतो. प्रतवारी केलेले घेतले तर 'ए' गटात ११० ते २२०, 'बी' गटात २०० ते ४५० आणि 'सी' गटात ४२० ते ८००. कारखान्याचा यात दोष नाही. सिलिकॉनच्या चकतीत अशुद्ध द्रव्याचा थर केसभरसुद्धा नाही, इतका पातळ बसवायचा असतो. त्यात जरासा फरक पडला की बीटा बदलतो.

मग त्या सोप्या आकृतीचं काय होतं? बीटा ११० निघाला तर कलेक्टरचा प्रवाह ०.५१ मिलिॲम्पियर आणि कलेक्टर ६.६ व्होल्टवर, छताकडे सरकलेला. बीटा ४५० निघाला तर प्रवाह २.१ मिलिॲम्पियर व्हायला हवा, म्हणजे ४.७ किलोओहमवर ९.८ व्होल्ट. पण बॅटरीच नऊची! ट्रान्झिस्टर जमिनीला टेकून बसतो आणि हलायचं नाव घेत नाही. तेच दुकान, तेच पाकीट, तीच डाख, पण एकाचा ॲम्प्लिफायर गातो आणि दुसऱ्याचा मुका राहतो. "माझ्या हाताला यशच नाही," असं म्हणणाऱ्या कितीतरी होतकरू मुलांचा हात निर्दोष असतो.

त्या मुलीच्या ट्रान्झिस्टरचा बीटा मीटरवर मोजला, तर साधारण ३२० निघाला. म्हणजे जानेवारीत कलेक्टर २ व्होल्टवर उभा होता. मध्य सुटलेला, पण लहान लाट कशीबशी मावेल इतकी जागा होती. ती जागा पुढे कुठे गेली?

५. नागपूरचा पारा

नागपुरात २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ अंशांवर गेला होता, आणि २९ डिसेंबर २०१८ रोजी ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. दोन टोकांत ४४ अंशांहून जास्त अंतर. हे आकडे सावलीतले. पत्र्याच्या खोलीत बंद डबीच्या आत काय होत असेल, त्याची कल्पना केलेली बरी. परदेशी पुस्तकांत हिशेब बहुधा २५ अंश धरून केलेले असतात. आपल्याकडे मे महिन्यात इतका गारवा मिळायला कूलरपुढे बसावं लागतं.

उष्णतेने ट्रान्झिस्टरमध्ये दोन बदल होतात.

पहिला: बीटा वाढतो. दर अंशाला साधारण अर्धा ते एक टक्का. जानेवारीतली शाळेची खोली आणि मेमधली पत्र्याखालची दुपार यांत सहज तीस अंशांचा फरक पडतो. म्हणजे बीटा १५ ते ३० टक्क्यांनी वर. मधला २५ टक्के धरू. ३२०चा बीटा ४०० झाला. प्रवाह १.८६ मिलिॲम्पियर, रेझिस्टरवर ८.७ व्होल्ट, कलेक्टरवर उरले जेमतेम ०.३ व्होल्ट. तलाव तळाला गेला आणि लाट चिखलात रुतली. ऊन लागलं ते हे असं.

दुसरा: बेसला जागं व्हायला लागणारा व्होल्टेज घटतो. दर अंशाला सुमारे २ मिलिव्होल्ट. ऐकायला क्षुल्लक वाटतं. पण नागपूरच्या ४४ अंशांना दोनने गुणलं की सुमारे ९० मिलिव्होल्ट होतात, आणि ट्रान्झिस्टरचा स्वभाव असा की बेसचा व्होल्टेज दर १८ मिलिव्होल्ट वाढला की प्रवाह दुप्पट होतो. ९० मिलिव्होल्ट म्हणजे पाच वेळा दुप्पट: २, ४, ८, १६, ३२. समजा कोणी हुशारी करून बेस ०.६५ व्होल्टला घट्ट बांधून ठेवला, तर डिसेंबरातला १ मिलिॲम्पियर मेमध्ये तीस मिलिॲम्पियर व्हायला धावेल. मोठ्या शक्तीच्या ॲम्प्लिफायरमध्ये तर वाढलेला प्रवाह ट्रान्झिस्टरला आणखी तापवतो, तापल्यामुळे प्रवाह आणखी वाढतो, आणि शेवटी धूर निघतो.

म्हणजे बेसचा प्रवाह ठरवून द्या, बीटा दगा देतो. बेसचा व्होल्टेज ठरवून द्या, तापमान दगा देतं. तिसरा मार्ग हवा.

६. कूलरच्या टाकीतला गोळा

तो मार्ग नागपूरच्या घरोघरी आहे. कूलरच्या टाकीत पाण्यावर तरंगणारा प्लॅस्टिकचा गोळा असतो. पाणी वर आलं की गोळा वर येतो आणि नळ आवळतो. पाणी खाली गेलं की गोळा खाली जातो आणि नळ उघडतो. रस्त्यावरच्या नळाला दाब किती, खसची ताटी किती पाणी पिते, बाहेर बेचाळीस आहे की शेहेचाळीस, गोळ्याला यातलं काही माहीत नसतं. तरी टाकीतली पातळी जागेवर राहते.

ट्रान्झिस्टरमध्ये हा गोळा म्हणजे एमिटर आणि ऋण टोक यांच्यामध्ये टाकलेला एक साधा रेझिस्टर. समजा काही कारणाने प्रवाह वाढला. आपल्या पाढ्याप्रमाणे एमिटरवरचा व्होल्टेजही वर चढला. पण बेसचा व्होल्टेज आपण ठरवून ठेवला आहे. मग बेस आणि एमिटर यांच्यातलं अंतर कमी झालं, छोटा नळ आवळला गेला आणि प्रवाह पुन्हा खाली आला. प्रवाह घटला तर याच्या उलट. पातळी राखायचं काम परिणामालाच दिलं आहे.

बेसचा व्होल्टेज ठरवायला दोन रेझिस्टर एकाखाली एक जोडायचे. वरचा बॅटरीला, खालचा ऋण टोकाला, आणि मधल्या सांध्यावर बेस. याला व्होल्टेज विभाजक म्हणतात. नऊ व्होल्टची वाटणी या दोन भावांमध्ये त्यांच्या ओहमच्या प्रमाणात होते. फक्त एक पथ्य पाळायचं. विभाजकातून वाहणारा प्रवाह बेस घेतो त्याच्या निदान दहा पट असावा. कालव्यातून शेताने दहावा वाटा उचलला तर कालव्याची पातळी फारशी ढळत नाही. निम्मा उचलला तर पुढच्या शेतकऱ्याशी भांडण ठरलेलं.

७. आता आकडे काढू

कागद-पेन्सिल घ्या. बॅटरी ९ व्होल्ट, ट्रान्झिस्टर बीसी५४७. क्रम महत्त्वाचा आहे: आधी व्होल्टेज ठरवायचे, रेझिस्टर मागून येतात.

पायरी पहिली, प्रवाह. लहान संकेतासाठी १ मिलिॲम्पियर सोयीचा. बॅटरीला झेपतो आणि हिशेबाला सोपा.

पायरी दुसरी, एमिटर. त्याला १ व्होल्ट देऊ. पाढ्याप्रमाणे रेझिस्टर १ किलोओहम. एकच व्होल्ट का? डिसेंबर ते मे बेसला जागं व्हायला लागणारा व्होल्टेज ०.०९ने सरकतो, हे आपण पाहिलं. एमिटरवर १ व्होल्ट असेल तर हा सरक नऊ टक्क्यांचा. एमिटरवर फक्त ०.१ व्होल्ट ठेवला असता तर प्रवाह जवळजवळ दुप्पट झाला असता. उलट ३ व्होल्ट दिले तर स्थैर्य आणखी वाढेल, पण तलावाची तेवढी खोली आपण हातची घालवू. एक व्होल्ट हा मधला मार्ग.

पायरी तिसरी, कलेक्टर. छत ९ व्होल्ट. जमीन म्हणजे एमिटरचा १ आणि वर ०.२, मिळून १.२ व्होल्ट. दोहोंचा मध्य (९ + १.२) ÷ २ = ५.१ व्होल्ट. म्हणजे रेझिस्टरवर ९ − ५.१ = ३.९ व्होल्ट पडले पाहिजेत. प्रवाह १ मिलिॲम्पियर, म्हणून रेझिस्टर ३.९ किलोओहम.

पायरी चौथी, बेस. एमिटर १ व्होल्टवर, बेस त्याच्या ०.६५ने वर, म्हणजे १.६५ व्होल्ट. बेसचा प्रवाह किती? इथे सर्वांत वाईट बीटा धरायचा, ११०. १ मिलिॲम्पियरला ११०ने भागलं की ९ मायक्रोॲम्पियर. त्याच्या दहा पट म्हणजे ९०, सोयीसाठी १०० मायक्रोॲम्पियर, अर्थात ०.१ मिलिॲम्पियर. खालचा रेझिस्टर १.६५ ÷ ०.१ = १६.५ किलोओहम. वरच्यावर ९ − १.६५ = ७.३५ व्होल्ट, म्हणून ७३.५ किलोओहम.

आता दुकानात जाऊन साडेत्र्याहत्तर किलोओहम मागा. दुकानदार तुमच्याकडे पाहतच राहील. नेहमी मिळणारे रेझिस्टर बारा पायऱ्यांच्या जिन्यासारखे असतात: १०, १२, १५, १८, २२, २७, ३३, ३९, ४७, ५६, ६८, ८२, आणि पुढे याच आकड्यांची दहा पट, शंभर पट. प्रत्येक पायरी आधीच्यापेक्षा साधारण वीस टक्क्यांनी मोठी. आकृत्यांत ४७ आणि ६८ वारंवार भेटतात ते यामुळे. आपल्या हिशेबाच्या खालच्या पायरीवर उतरू: ७३.५ऐवजी ६८ आणि १६.५ऐवजी १५. दोन्ही जवळपास सारख्याच प्रमाणात उतरले, म्हणून वाटणी फारशी बिघडत नाही. पडताळा: ९ × १५ ÷ ८३ = १.६३ व्होल्ट. हवे होते १.६५. पुरे.

झाले चार रेझिस्टर: ६८, १५, ३.९ आणि १ किलोओहम.

८. चाचणी परीक्षा

कागदावर जमलं, पण ज्यासाठी एवढा खटाटोप केला ते साधलं का? आधी बीटा बदलून पाहू. बेस जो प्रवाह घेतो त्याने विभाजकाचा सांधा किंचित खाली ओढला जातो, तो हिशेबात धरून हे आकडे:

बीटा ११०: प्रवाह ०.८७ मिलिॲम्पियर, कलेक्टर ५.६ व्होल्ट.
बीटा २००: प्रवाह ०.९२ मिलिॲम्पियर, कलेक्टर ५.४ व्होल्ट.
बीटा ८००: प्रवाह ०.९६ मिलिॲम्पियर, कलेक्टर ५.२५ व्होल्ट.

बीटा सात पटींनी बदलला आणि कलेक्टर अर्धा व्होल्टसुद्धा हलला नाही. आधीच्या आकृतीत चार पटींच्या फरकाने ट्रान्झिस्टर छतापासून जमिनीपर्यंत लोळला होता.

आता तापमान. ३.५ अंशांपासून ४७.९ अंशांपर्यंत गेलो की प्रवाह सुमारे ०.०८ मिलिॲम्पियरने वाढतो आणि कलेक्टर सुमारे एक तृतीयांश व्होल्ट खाली येतो. मध्याच्या आसपासच.

शेवटी बॅटरी. वापरून वापरून ती ७ व्होल्टवर आली, तर विभाजकाचा सांधा १.२७ व्होल्टवर, प्रवाह सुमारे ०.५८ मिलिॲम्पियर आणि कलेक्टर ४.७ व्होल्टवर. छत खाली आलं, तसे आपणही खाली सरकलो. लाटेला जागा कमी झाली, पण आवाज बंद पडला नाही. आणि बॅटरी पुरते किती? सगळं मिळून ओढला जाणारा प्रवाह साधारण एक मिलिॲम्पियर. बॅटरीची क्षमता ४०० मिलिॲम्पियर-तास धरली, तर जवळजवळ ४०० तास.

९. मग आवाज किती पटींनी वाढला?

गोळा पातळी राखतो, हे चांगलं. पण संकेताची लाट आली की ती म्हणजेही बदलच. गोळ्याला दोहोंतला फरक कळत नाही, तो लाटही दाबू पाहतो. त्यामुळे एमिटरला पूर्ण १ किलोओहम असताना वाढ फक्त कलेक्टरचा रेझिस्टर भागिले एमिटरचा रेझिस्टर, म्हणजे ३.९ पट. माइकचे १० मिलिव्होल्ट ३९ होतील. फार थोडे.

उपाय म्हणजे बायपास. एमिटरच्या रेझिस्टरला समांतर मोठा कपॅसिटर लावला की स्थिर प्रवाह रेझिस्टरमधूनच जातो आणि हलणारा संकेत बाहेरच्या वळणरस्त्याने निघून जातो. गोळ्याला ऋतू दिसतो, लाट दिसत नाही. मग उरतो फक्त ट्रान्झिस्टरचा स्वतःचा आतला रोध. तो काढायला २६ला मिलिॲम्पियरमधल्या प्रवाहाने भागायचं. आपल्याकडे तो साधारण २८ ओहम येतो. वाढ होते ३९०० ÷ २८, म्हणजे सुमारे १४० पट.

मोह होईल, पण थोडं थांबा. हा आतला रोध प्रवाहावर अवलंबून आहे, आणि लाटेबरोबर प्रवाह हलतो. लाटेचा अर्धा भाग जास्त वाढतो, अर्धा कमी, आणि मोठ्या आवाजाला घोगरेपणा येतो. इथेही मधला मार्ग आहे. एमिटरचा १ किलोओहम दोन तुकड्यांत तोडा: १८० आणि ८२० ओहम. जिन्यावरचे दोन्ही आकडे, बेरीज बरोबर हजार. कपॅसिटर फक्त ८२०ला समांतर लावा. स्थिर प्रवाहाला पूर्ण हजार दिसतात, संकेताला १८० अधिक २८, म्हणजे २०८. वाढ सुमारे १९ पट. यातले १८० आपल्या हातचे आहेत, २८ ट्रान्झिस्टरच्या. सूत्रं बहुतांशी आपल्याकडेच राहिली.

कपॅसिटर तीन: बायपासला १०० मायक्रोफॅरड, माइक आणि बेस यांच्यामध्ये १ मायक्रोफॅरड, आणि कलेक्टरवरून संकेत बाहेर न्यायला १० मायक्रोफॅरड. शेवटचे दोघे दारावरचे पहारेकरी. संकेताला सोडतात, पण बेस आणि कलेक्टर यांचे स्थिर व्होल्टेज बाहेर निसटू देत नाहीत. एक टीप: पुढे जोडलेलं उपकरणही थोडा प्रवाह ओढतं, त्यामुळे प्रत्यक्षात १९पेक्षा वाढ काहीशी कमी भरेल. आणि थेट स्पीकर जोडू नका. एक मिलिॲम्पियरमध्ये स्पीकर गुणगुणणारही नाही.

१०. मीटर लावा, मगच माइक

बीसी५४७ची सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. रेझिस्टरवरचे रंग: ६८ किलोओहम म्हणजे निळा, करडा, नारिंगी, १५ किलोओहम म्हणजे तपकिरी, हिरवा, नारिंगी, ३.९ किलोओहम म्हणजे नारिंगी, पांढरा, लाल.

जोडणी झाली की माइक लावायच्या आधी डिजिटल मीटरची काळी तार ऋण टोकाला ठेवून तीन ठिकाणं मोजा. एमिटर ०.९च्या आसपास, बेस त्याहून ०.६५ने वर, कलेक्टर ५ ते ५.६. जमलं तर माइक लावा. नाही जमलं तर मीटरच दोष सांगेल. कलेक्टर पूर्ण ९ व्होल्टवर असेल तर प्रवाह वाहतच नाही: बेसची डाख सुटली असेल, नाहीतर पाय उलटसुलट लागले असतील. कलेक्टर एमिटरला जाऊन चिकटला असेल तर प्रवाह जरुरीपेक्षा जास्त आहे: विभाजकातला खालचा रेझिस्टर सुटला आहे का, की ६८च्या जागी ६.८ लागला आहे, ते पाहा. घरात जुना काट्याचा मीटर असेल तर बेसवर तो थोडं कमी दाखवील, कारण तो स्वतःच विभाजकातून प्रवाह पितो. कालव्यावर आणखी एक शेत.

त्या मुलीने सुट्टीतच नवी जोडणी केली. आम्ही दोन्ही ॲम्प्लिफायर, जुना आणि नवा, एकाच पाटावर शेजारी ठेवले, आणि मीटर लावण्याआधी तिला अंदाज वहीत लिहायला लावला. सकाळी खोलीत अठ्ठावीस अंश होते. दुपारी पत्र्याखाली अठ्ठेचाळीस होतील असं धरलं. वीस अंश, प्रत्येकी २ मिलिव्होल्ट, म्हणजे ०.०४ व्होल्ट. एमिटरच्या १ किलोओहममधून ०.०४ मिलिॲम्पियर जास्त, कलेक्टरच्या ३.९ किलोओहमवर सुमारे ०.१५ व्होल्ट जास्त. तिने लिहिलं: नवा ०.१५ने खाली येईल. जुन्यासाठी बीटाची वाढ हवी होती, आणि ती अर्धा टक्का धरायची की एक, ते ठरेना. तिथे तिने प्रश्नचिन्ह काढलं.

ते प्रश्नचिन्हच या प्रकरणाचं सार आहे. नव्या जोडणीचं भाकीत करताना तिला ट्रान्झिस्टरला काही विचारावं लागलं नाही. आकडे तिच्या स्वतःच्या रेझिस्टरचे होते. तुम्हीही हा प्रयोग करून पाहा. मे महिन्याची वाट पाहायची नसेल तर केस वाळवायचा ड्रायर हातभर लांबून धरा. आधी अंदाज लिहा, मग मीटर लावा.